भाडे पोहोचले

"फ्लॅट पूर्ण रिनोव्हेट केलेला आहे, साहेब," असे म्हणून एजंटाने दाराला खांदा लावला. दार हलले नाही.

दार का उघडत नाही हे मला पुढे कळले. फ्लॅट रिनोव्हेट केलेला होता, हेच त्याचे कारण. जुन्या फरशीवर नवी चकचकीत फरशी बसवल्यामुळे जमीन बोटभर वर आली होती आणि दाराला हे कोणी कळवलेच नव्हते. आत जाऊन वर पाहिले, तर छताखाली पीओपीचे आणखी एक छत. त्यात चार कोपऱ्यांना चार दिवे आणि मधोमध एक कमळ. जमीन वर आली, छत खाली आले आणि मधे जी काय जागा उरली तिला 'वन बीएचके' असे नाव होते. स्वयंपाकघराची भिंत काढून 'ओपन किचन' केले होते. फोडणी दिली की पहिला ठसका पाहुण्याला लागावा अशी सोय. बेडरूममध्ये पलंग ठेवला तर कपाट उघडणार नव्हते, आणि कपाट उघडायचे तर पलंगावर उभे राहावे लागणार होते. गॅलरीला काचा लावून तिची 'स्टडी' केली होती. तिच्यातून खाली पाहिले की भाजीची गाडी, तिला खेटून झेरॉक्सचे दुकान, त्यापुढे आडव्या लावलेल्या मोटारसायकली, आणि त्या सगळ्यांतून वाट काढणारी एक म्हैस.

"गावात इतका शांत फ्लॅट मिळायचा नाही," एजंट ओरडून म्हणाला. ओरडून अशासाठी, की खालून बँड चालला होता.

माझी ओळख सांगायची तर मी बँकेत कारकून आहे. हल्ली आमच्यात कारकुनाला कारकून म्हणत नाहीत, इंग्रजीत काहीतरी भारदस्त म्हणतात. पण काउंटरपलीकडच्या माणसाच्या नजरेत फरक पडलेला नाही. श्रीरामपूरला अकरा वर्षे काढल्यावर नगरला बदली झाली. मुलगी पुण्याला होस्टेलवर, म्हणून बिऱ्हाड तिघांचे : मी, आमची ही, आणि आई. सावेडीला दोन चांगल्या जागा पाहिल्या होत्या. हवा, उजेड, लिफ्ट, सगळे होते. आईने दोन्ही नापास केल्या. "इथं माणसाचा आवाजच नाही. मेलं तरी कोणाला कळायचं नाही." तिला गावात राहायचे होते. नगरमध्ये गाव म्हणजे वेशीच्या आतला भाग : माळीवाडा, कापडबाजार, माणिक चौक, नालेगाव आणि आमचा तोफखाना. आमचा म्हणायचे ते अशासाठी, की माझे सारे बालपण तोफखान्यातल्या एका वाड्यात गेले. वाडा २००६ साली पाडला. त्या जागेवर चार मजली इमारत उभी राहिली, आणि एजंट आम्हांला नेमका त्याच इमारतीत घेऊन आला होता. आई जिन्यात एक अक्षर बोलली नाही. मागच्या अंगाला बिल्डरने दयाबुद्धीने एक कडुनिंब राखला आहे, तो मात्र तिने खिडकीतून नीट पाहून घेतला.

"मुदत किती?" मी विचारले.

"अकरा महिने. सगळीकडे अकराच असतात."

"आणि बारावा महिना कुठं राहायचं?" आईने विचारले.

एजंटाला उत्तर आले नाही. मला येत होते, पण ते जरा लांब आहे. खरे म्हणजे ते १४९० पासून सुरू होते.

नगरचा इतिहास शाळेत मी सनावळीने पाठ केला होता. बी.कॉम. होऊन बँकेत लागल्यावर तोच इतिहास मला भाडेकरूंच्या वहीसारखा दिसू लागला. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहमनी फौजेला हरवले आणि जिथे हरवले तिथेच पुढे शहर वसवले. या गावात कोरी जागा घेऊन राहायला आलेला राज्यकर्ता तेवढा एकच. बाकीच्या सगळ्यांनी आधीच्याच्या भिंतींवर चुन्याचा हात फिरवून संसार मांडले.

रिनोव्हेशनही इथे नवे नाही. शहराच्या आग्नेयेला फराहबागेचा महाल आहे. मुर्तजा निजामशहासाठी तो बांधून तयार झाला, राजा पाहायला गेला, आणि त्याला तो पसंत पडला नाही. पाडा म्हणाला. मग सलाबतखान नावाच्या वजिराने तो नव्याने उभा केला, चहूबाजूंनी पाणी आणि मधोमध महाल असा. राजाला आणि घरमालकाला 'आहे हेच चांगले आहे' असे सांगायची सोय नसते. त्या सलाबतखानाच्या पदरी काय पडले, तेही पाहण्यासारखे आहे. शहराच्या पूर्वेला डोंगरावर त्याची तीन मजली अष्टकोनी कबर उभी आहे आणि सगळा जिल्हा तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. सहली जातात, डबे उघडतात, फोटो निघतात. आत निजलेल्या माणसाच्या नावाची मात्र कोणाला आठवण नाही. घर एकाचे आणि दारावर पाटी दुसऱ्याची, हा प्रकार नगरला पूर्वापार चालत आलेला आहे.

खुद्द चांदबिबीचा रिनोव्हेशनशी संबंध आला तो निराळाच. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला. पुढे सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले. ते खिंडार या बाईने रातोरात भरून काढले. सकाळी मोगल पाहतात तर भिंत जागेवर. आमच्या फ्लॅटची एक बाथरूम करायला अडीच महिने लागले होते असे एजंट अभिमानाने सांगत होता, तेव्हा मला ती रात्र आठवली. अर्थात तिची भिंत तिच्याच माणसांनी पुढे आतून पोखरली. १६०० साली चांदबिबी मारली गेली ती किल्ल्यातल्याच लोकांकडून, आणि त्याच साली किल्ला मोगलांकडे गेला.

मोगलांमध्ये आमच्या गावी सर्वांत बडा भाडेकरू आला तो औरंगजेब. दख्खन जिंकायला १६८० नंतर जो उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही. १७०६ च्या सुरुवातीला थकून भागून नगरला आला, भिंगारजवळ मुक्काम ठोकला, आणि १७०७ साली तिथेच वारला. पुरायला खुलताबादला नेले. साऱ्या हिंदुस्थानचा मालक म्हणवणारा माणूस, आणि शेवटचा मुक्काम तंबूत, तोही परगावी. नगरमध्ये जड सामानसुद्धा टिकत नाही. मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ १५४९ साली नगरला ओतली. आज ती विजापूरला आहे. पंचावन्न टनांच्या आसपासचे हे धूड हलवून नेणाऱ्या हमालांना त्या वेळी काय दर पडला असेल, हा विचार श्रीरामपूरहून गोदरेजचे कपाट आणताना माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

मग १७५९. निजामाचा किल्लेदार कवीजंग याने पैसे घेऊन किल्ला पेशव्यांच्या हवाली केला. गोळी नाही, खिंडार नाही. आमच्या धंद्यात याला पागडी म्हणतात. पेशव्यांकडून १७९७ मध्ये किल्ला दौलतराव शिंद्यांकडे गेला आणि ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने घेतला : ८ तारखेला पेठ, १२ तारखेला किल्ला. चार दिवसांत ताबा. पुढे इंग्रजांनी तिथे कैदी ठेवायची पद्धत पाडली, म्हणजे पोटभाडेकरूच म्हणायचे. फक्त इथे भाडे मालक भरत होता आणि दाराला कुलूप बाहेरून होते.

त्या पोटभाडेकरूंतले सगळ्यांत नामवंत आले ९ ऑगस्ट १९४२ नंतर. 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीला मुंबईहून उचलून नगरच्या किल्ल्यात आणले. नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, शंकरराव देव. मुक्कामाला खोल्या, म्हणजे आमच्या भाषेत 'वन आर'. नेहरूंनी तिथे बाग केली आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढले. सगळा देश शोधायला त्यांना एक खोली पुरली. मला त्या मंडळींत जवळचे वाटतात ते मौलाना आझाद, आणि तेही राजकारणामुळे नव्हे, चिमण्यांमुळे.

आझादांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. काड्या, कचरा, पिसे अंगावर पडायची. आधी त्यांनी चिमण्यांना हुसकून लावायचे सर्व उपाय केले. चिमण्या गेल्या आणि परत आल्या. शेवटी त्यांनी तह केला, तांदळाचे दाणे टाकायला लागले, आणि काही दिवसांनी चिमण्या त्यांच्या हातावर येऊन बसू लागल्या. हे सगळे त्यांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत आहे. पत्रे लिहिली, पण तुरुंगातून टाकायची सोय नव्हती. १९४६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले, 'गुबार-ए-खातिर'. भाडेकरूला काढता येत नाही म्हटल्यावर मालकाने काय करावे, यावर याहून चांगले वाङ्मय माझ्या वाचनात नाही. त्याच खोलीत १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांना कलकत्त्याला पत्नी गेल्याची बातमी मिळाली. ती आजारी आहे हे कळूनही त्यांनी सरकारकडे सुटकेसाठी अर्ज केला नव्हता. काही माणसे अर्ज करत नाहीत. आमच्या वडिलांनी केला होता. आता त्याच्याकडे येतो.

पण त्याआधी कायदा. कारण अर्ज कायद्याशिवाय होत नाही.

महायुद्ध आले की शहरांत माणसे गोळा होतात, बांधकाम थांबते आणि भाडी चढतात. म्हणून मुंबईत १९१८ सालीच भाड्यावर बंधन घालणारा कायदा झाला होता. दुसऱ्या महायुद्धात तीच गत झाली. मग स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई इलाख्याचा मोठा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्याचे मर्म एका तारखेत होते : १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचे जे भाडे होते ते तिचे प्रमाण भाडे. कर-बिर वाढले तर त्यापुरती थोडी वाढ, बाकी घड्याळ बंद. कायदा आणला तो तात्पुरता. आपल्याकडे तात्पुरते म्हणजे काय, हे सरकारी कचेरीच्या आवारातली पत्र्याची शेड पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत तो पन्नास वर्षे चालला.

आमचे वडील १९६८ साली झेडपीत कारकून म्हणून नगरला आले आणि तोफखान्यातल्या त्या वाड्यात दोन खोल्यांत राहिले. भाडे वीस रुपये. मालकीणबाई विधवा होत्या, सगळा वाडा त्यांना माई म्हणे. वाडा जुना, वर माळवद. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकायची, नाही टाकली तर श्रावणात पातेली मांडायची. सहा बिऱ्हाडे, एक नळ, एक कडुनिंब. माईंचा मुलगा पुण्याला नोकरीला आणि माईंचा चरितार्थ या सहा भाड्यांवर.

१९७४ साली वडिलांनी कोनाड्यातली जुनी तसबीर रंग देण्यासाठी खाली काढली. तिच्यामागे त्यांच्या आधीच्या कोणा भाडेकरूच्या पावत्या निघाल्या. त्यातली एक सप्टेंबर १९४० ची. कायदा करणाऱ्यानेच येऊन ठेवावी अशी. रक्कम रुपये अकरा.

वडील सज्जन होते. कोणाचा पै-पैसा बुडवला नाही, कचेरीतली टाचणी घरी आणली नाही. पण त्यांचे मराठी अक्षर सुरेख होते आणि अर्जाचा मसुदा करण्यात झेडपीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अशा माणसाच्या हातात कायदा आणि पुरावा दोन्ही एकदम येणे धोक्याचे असते. त्यांनी प्रमाण भाडे ठरवून मिळण्याचा अर्ज लिहिला. एक आपला आणि, शेजारधर्म म्हणून, पाच इतरांचे.

कोर्टात तारखा पडू लागल्या. तारखेच्या दिवशी माई आणि वडील एकाच टांग्याने कोर्टात जात. "वाटेतच तर आहे, वेगळा टांगा कशाला?" असे माईंचे म्हणणे. जाताना भाडे माई देत, येताना वडील. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहायचे, आणि परत आल्यावर माईंनी आईला विचारायचे, "ताक हवंय का गं? आजचं गोड आहे." त्या साली संक्रांतीला तिळगूळही आला. आई सांगते की तो तिळगूळ तिच्या घशाखाली उतरला नाही. वडिलांनी खाल्ला आणि गोड बोलण्याचे पथ्य पाळून निकालाची वाट पाहिली. निकाल आमच्या बाजूने लागला. अकरा रुपये आणि वरची परवानगीची वाढ धरून महिना चौदा रुपये.

त्या दिवसापासून माईंचे उत्पन्न दर बिऱ्हाडामागे पाच-सहा रुपयांनी घटले आणि माळवदावर माती पडायची थांबली. कायद्यात त्यावरही उपाय होता. मालक दुरुस्ती करीना तर भाडेकरूने नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापुरतीच. चौदा गुणिले बारा, १६८; त्याचा चौथा हिस्सा बेचाळीस. बेचाळीस रुपयांत जेवढी माती येते तेवढी यायची. मला आठवते ते दृश्य पुढचे, ऐंशीच्या दशकातले : वडील धोतर खोचून माळवदावर माती चोपताहेत आणि खाली शिडी धरून माई उभ्या. "जपून रे," त्या ओरडत. मला तेव्हा वाटे, माई आमच्या कोणी नात्यातल्याच आहेत आणि वडील त्यांचे काम फुकट करताहेत. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या.

पहिल्या तारखेला वडील चौदा रुपये मोजून नेत. माई चष्मा लावून पावती लिहीत. 'भाडे पोहोचले', आणि खाली वळणदार सही. निकालापूर्वीही हेच दोन शब्द, निकालानंतरही हेच.

आता अकरा महिन्यांचे रहस्य. भाडेकरू निघत नाही हे पाहून शहाणे मालक 'भाडे' हा शब्दच टाळू लागले. जागा 'वापरायला परवानगी' देतो म्हणू लागले, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. सरकारने १९७३ साली कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे असे परवान्यावर राहत होते, ते त्या दिवसापासून भाडेकरू ठरले. मालकांनी ताकही फुंकून प्यायला सुरुवात केली. शिवाय १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून वर्षाला एक महिना कमी ठेवायचा. त्यातून हा अकराचा आकडा रूढ झाला. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की १९४० च्या भाड्यावर घड्याळ थांबवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. मग महाराष्ट्राचा १९९९ चा नवा कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला हवा असे आले, मग तो अकरा महिन्यांचा असो नाही तर अकरा दिवसांचा. म्हणजे अकरा ठेवण्याचे मूळ कारणच उरले नाही. पण अकरा राहिले. औरंगजेब गेला, तरी भिंगारजवळच्या त्या जागेला लोक अजून आलमगीरच म्हणतात, त्यातलाच प्रकार.

हे सर्व मी आईला थोडक्यात सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे बाराव्या महिन्याचं कोणालाच माहीत नाही."

नव्या कायद्याने मालकाला दर वर्षी चार टक्के भाडेवाढ करायचा हक्क दिला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि टक्केवारी नुकतीच पक्की झाली होती. चौदा रुपयांचे चार टक्के म्हणजे छप्पन पैसे. मी मोठ्या उत्साहाने हा हिशेब माईंना जाऊन सांगितला. त्या वेळी त्या ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छप्पन पैसे सुटे असतात का रे तुझ्या बापाकडे?" त्यांनी ती वाढ कधी मागितली नाही. दोन-तीन वर्षांत त्या गेल्या. मुलाने वाडा बिल्डरला दिला. आम्हांला जागा सोडण्याचे साठ हजार मिळाले. ज्या जागेला अडतीस वर्षांत भाडे म्हणून सारे मिळून सात हजारही दिले नव्हते, तिच्यातून निघायचे साठ हजार. वडिलांनी चेक माझ्याकडे दिला, बँकेत भरायला. त्यावर ते काहीही बोलले नाहीत, आणि पुढे जगले तोवर तोफखान्यातून जायचे झाले तर चितळे रोडने वळसा घेऊन जात.

हे सगळे डोक्यात असताना एजंट म्हणाला, "मालक पुण्याहून आलेत. खाली गाडी लावताहेत. भाड्याचं त्यांच्याशी बोला, नऊ म्हणताहेत." नऊ म्हणजे नऊ हजार. मी मनातल्या मनात साडेसातपासून सुरू करायचे ठरवले होते. आमच्या हिने दाराचा, कमळाचा आणि म्हशीचा मुद्दा आधीच तयार ठेवला होता.

मालक आला. तिशीचा मुलगा, पाठीला बॅग. दाराशी अडखळला, हसला, आणि म्हणाला, "सॉरी काका, दार तासून घेतो." त्याचे नाक पाहून आई उठून उभी राहिली.

"तू माईंचा नातू का रे?"

होता. वाड्याच्या बदल्यात त्यांना तीन फ्लॅट मिळाले होते, दोन विकले, हा एक राहिला. वडील आता नाहीत. फ्लॅट रिकामा पडून खराब झाला म्हणून त्याने कर्ज काढून तो नीट केला. भाडे नऊ हजार सांगण्याचे कारणही त्याने लपवले नाही. कर्जाचा हप्ता नऊ हजाराच्या जवळपास आहे. मी बँकेतला, हप्त्याच्या पुढे माझी वाचा बसते.

तरी सवयीने मी म्हणालो, "नऊ जरा जास्त होतात..."

"नऊ देऊन टाक," आई म्हणाली. "मागचे सहा-सहा रुपये राहिलेत."

त्या मुलाला काही कळले नाही. मला कळले. सहा रुपये दर महिन्याला, १९७४ ते २००६, बत्तीस वर्षे : २,३०४ रुपये मुद्दल. रिकरिंगच्या हिशेबाने आठ टक्के धरले तर २००६ पर्यंतच दहा हजारांच्या वर जातात. हा एकट्या आमच्या बिऱ्हाडाचा हिशेब झाला. वडिलांनी अर्ज सहा लिहिले होते. आमच्या हिने दाराचा मुद्दा परत पर्समध्ये ठेवला.

कराराच्या दिवशी नोंदणीला गेलो. मुद्रांक शुल्क शेकडा पाव, नोंदणी फी हजार रुपये, आणि सगळ्यांचे अंगठे. पुण्यात संगणकात काम करणारा मुलगा, बी.कॉम. कारकून, दोघे साक्षीदार, सगळे त्या काचेवर अंगठे टेकवून मोकळे. पत्त्याचा थोडा घोळ झाला. ऑक्टोबर २०२४ पासून जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर आहे. पण माझ्या आधारवर अहमदनगर, मालकाच्या जुन्या खरेदीखतावर अहमदनगर, आणि ज्या कागदावर हे सगळे टाइप झाले त्यावर अहिल्यानगर. टाइप करणाऱ्याने शांतपणे 'पूर्वीचे' हा शब्द घातला आणि पुढे गेला. तो शब्द त्याला पाठ झालेला दिसला. या गावात तो सगळीकडेच घालता येईल.

राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी तो मुलगा दार तासायला सुतार घेऊन आला. आईने ट्रंकेतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात सुतळीने बांधलेल्या पावत्या होत्या, १९६८ पासूनच्या. वडिलांनी एकही टाकली नव्हती; अर्जदार माणूस पुरावा टाकत नाही. मुलगा एकेक पाहू लागला. "आजीची सही माझ्याकडे कुठंच नाही," तो म्हणाला. "एक घेऊ का?"

"थांब, मी देते," आई म्हणाली. तिने गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला, चष्मा लावला, आणि बराच वेळ शोधून एक पावती काढली. मी वाकून पाहिले. १९७१ ची होती. रुपये वीस. तिच्या खालच्या चौदाच्या सगळ्या पावत्या तिने पुन्हा सुतळीने घट्ट बांधल्या आणि डबा ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली. तेवढी जागा त्या बेडरूममध्ये निघाली.

पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी फोनवरून नऊ हजार पाठवले. आई शेजारी बसून होती.

"पोहोचले का?"

तेवढ्यात फोन वाजला. त्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले होते. मी आईला दाखवले. तिने फोन हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून, तो पिवळा अंगठा नीट पाहिला.

"शिकलेला मुलगा ना रे हा?" ती म्हणाली. "माई सही करायच्या."